उन्हाळ्यातली तहान की टाइप १ मधुमेह?

एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकला की मूल घटाघटा पाणी पितंय याचं कुणालाच काही वाटत नाही. पण अंथरूण ओलं करायचं कधीच सुटलेलं मूल पुन्हा गादी भिजवू लागलं आणि पोटभर जेवूनही हडकू लागलं, तर उन्हाला दोष देऊ नका. घामावाटे पाणी गेलं की लघवी कमी आणि गडद होते. इथे तहान आणि लघवी दोन्ही वाढलेल्या असतात.

टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. इन्सुलिन नाही म्हणून साखर पेशींत शिरत नाही, रक्तातच साचते. यापुढचं मूत्रपिंडाचं काम मला विलक्षण वाटतं. प्रौढ माणसाची मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातली जवळजवळ सगळी साखर सूक्ष्मनलिकांमधली वाहक प्रथिनं रक्तात परत ओढून घेतात. मात्र त्यांच्या क्षमतेला मर्यादा आहे. रक्तातली साखर डेसिलिटरमागे साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की जादाची साखर नलिकेतच उरते आणि परासरणाच्या नियमाने पाणीही धरून ठेवते. लघवी वाढते ती त्यामुळे. शरीर कोरडं पडतं आणि मग तहान लागते. अशा मुलाला रसवंतीगृहात नेऊन उसाचा रस पाजला तर साखर आणखी चढते.

इकडे पेशी उपाशीच. मग चरबी जळते, यकृत त्यातून कीटोन नावाची आम्लं बनवतं, रक्त आम्लधर्मी होतं. उलट्या, पोटदुखी, श्वासाला फळासारखा गोडसर वास, खोल आणि भरभर श्वास. हे गॅस्ट्रो समजून एक दिवस काढणंही जिवावर बेतू शकतं.

हडकलेल्या मुलाची घरोघरी दृष्ट काढतात, जंताचं औषध देतात. फार गोड खाल्लं म्हणून हा आजार झाला, असं आईला ऐकवतात. ते साफ खोटं आहे. ‘इन्सुलिन बंद करून दाखवतो’ म्हणणाऱ्यांची तर मला चीड येते. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी ही मुलं जगत नसत.

बोटावरच्या थेंबभर रक्ताची तपासणी मिनिटभरात होते, उपाशीपोटी असण्याची गरज नाही. ही लक्षणं असताना साखर २०० किंवा त्याहून जास्त आली, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. उलट्या होत असतील किंवा श्वास जोरात चालत असेल, तर साखर मोजायचं मीटर शोधत बसू नका. थेट रुग्णालय गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.