शिडाच्या जहाजावर तीन दिवस : विजयदुर्ग ते मालवण

कोल्हापूरकरांचा समुद्राशी संबंध सुट्टीपुरता, असं आता वाटतं. पण १८१२ पर्यंत मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होता आणि त्या पाण्यात करवीरचं स्वतःचं आरमार फिरत होतं. आपल्या भागातल्या माणसांनी तिथे पुन्हा स्वतःच्या हातांनी शीड चढवावं, या इच्छेतून आम्ही ही सफर सुरू केली. त्यामुळे जहाजावर प्रवासी कोणीच नसतो. येईल तो खलाशी. दोर ओढणं, सुकाणू धरणं, डेक धुणं, कांदा चिरणं, सगळं तुमच्याकडे. शिकवायला तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, आणि त्याची माणसं सोबत असतात.

जहाज स्कूनर बांधणीचं, लाकडी आहे. दोन डोलकाठ्या, त्यातली मागची जास्त उंच. शिडं जहाजाच्या लांबीच्या रेषेत बसतात, त्यामुळे बहुतेक कामं डेकवर उभं राहूनच होतात. नवशिक्यांना ही बांधणी सोयीची पडते ती यामुळेच. इंजिन आहे, पण ते बंदरात ये-जा करायला आणि अडीअडचणीला.

पहिल्या सकाळी मोठं शीड चढवायचं असतं. शिडाच्या वरच्या कडेला एक वासा असतो आणि त्याला दोन दोर : एक डोलकाठीजवळच्या टोकाला, दुसरा बाहेरच्या. दोन्हींवर दोन-तीन माणसं उभी राहतात. तांडेलाने हाक दिली की एका तालात ओढायचं. वासा आडवाच वर गेला पाहिजे. एका बाजूने घाई केली की तो तिरका होऊन डोलकाठीला अडतो. मग जोर लावून काही होत नाही, जरा सैल सोडून पुन्हा ओढावं लागतं. आतलं टोक जागेवर पोचलं की त्याचा दोर खुंटीला इंग्रजी आठच्या आकड्यासारखा गुंडाळायचा आणि बाहेरचं टोक उचलत राहायचं, शीड हवं तसं ताणलं जाईपर्यंत. तालमीतल्या गड्याचा इथे उपयोग होतोच, पण ताल धरून ओढणारी शाळकरी मुलगीही तितकंच काम करते.

वाट ठरते ती वाऱ्यावरून. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि लवकर निवते, म्हणून पहाटे किनाऱ्याकडून मतलई वारा येतो आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा. हंगामात दुपारचा वारा बहुधा वायव्येचा. विजयदुर्गहून दक्षिणेला निघालं की तो उजवीकडून, पाठीमागून मिळतो आणि ५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ९ किलोमीटर, चाल सहज लागते. मात्र सरळ वाऱ्याच्या तोंडावर कुठलंच शिडाचं जहाज जात नाही, नागमोडी वळणं घ्यावी लागतात. ते कसब अंगात यावं म्हणून देवगडजवळ काही वेळ मुद्दाम उलटं जातो. आमच्या मते सफरीतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच.

भरतीचा जुना हिशेबही तांडेल समजावून सांगतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, द्वादशीला नवाच्या. बंदरात शिरताना मात्र छापील तक्ताच पाहतो, कारण मालवणला किल्ल्याभोवती खडक आहेत आणि तिथे अंदाजाने चालत नाही.

रात्री नांगर टाकून मुक्काम. प्रत्येकाला एक तास पहारा असतो. किनाऱ्यावरचे एका रेषेत येणारे दोन दिवे धरून ठेवायचे. ते एकमेकांपासून सरकतच राहिले तर नांगर घसरत असेल, लगेच तांडेलाला उठवा. शंका खोटी ठरली तरी कोणी रागावत नाही.

कोल्हापुरी पायताण गाडीतच ठेवा, ओल्या डेकवर कातडी तळ घसरतो. रबरी तळाचे बूट, टोपी, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि मऊ पिशवी आणा; कडक बॅगेला जागा नाही. गोडं पाणी मोजकं असतं. समुद्र लागण्याची भीती असेल तर आदल्या रात्री तांबडा रस्सा टाळा, पण उपाशीही येऊ नका. गोळी डॉक्टरांना विचारून जहाज हलण्याआधीच घ्यायची. मळमळायला लागलं तर खाली केबिनमध्ये न जाता वर बसून क्षितिजाकडे पाहा. पोहता यायलाच हवं असं नाही. लाइफ जॅकेट मात्र डेकवर कायम अंगात. हृदयविकार, अपस्मार किंवा गर्भारपण असेल तर नोंदणीच्या वेळीच सांगा. १२ वर्षांखालच्या मुलांना घेत नाही.

कोल्हापुरातून गगनबावडामार्गे आमच्या गाडीने नेतो, परतीला मालवणहून आणतो. जेवण मालवणी, शाकाहारी हवं तर आधी कळवा. सफरी नोव्हेंबर ते एप्रिल एवढ्याच असतात. दर आणि तारखांचा कागद सोबत जोडला आहे.

हवामान बिघडलं तर निघायचं की नाही, हे तांडेल ठरवतो. त्यावर आमचंही चालत नाही. सफर रद्द झाली तर पूर्ण रक्कम परत मिळेल किंवा पुढची तारीख घेता येईल, तुम्ही म्हणाल तसं.