जिताड्याच्या पिलांचे पोषण व चयापचय

रायगडात जिताडा, मुंबई-रत्नागिरीकडे खजुरा आणि सिंधुदुर्ग-गोव्यात चोणक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशाच्या (शास्त्रीय नाव लेट्स कॅल्कॅरिफर) पिलांचे अंड्यातून निघाल्यापासून बोटुकलीपर्यंतचे (बोटाएवढे पिलू होईपर्यंतचे) खाणे, पचन व ऊर्जेचा वापर. याचे बंदिस्त प्रजनन थायलंडमध्ये सोंगख्ला येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी साधले, असे सामान्यतः मानतात. भारतात चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी जलसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये ते केले.

अंड्यातून निघालेले डिंभ (अगदी प्राथमिक अवस्थेतील पिलू) सुमारे दीड मिमी. लांबीचे असते. पहिले दोन दिवस ते पीतकावर (अंड्यातून सोबत आलेल्या अन्नसाठ्यावर) जगते. त्यातील तेलाचा थेंब (तेलबिंदू) त्यानंतरही काही काळ पुरतो. तोंड उघडले की रोटिफर हे सूक्ष्म जलचर आणि साधारण दुसऱ्या आठवड्यापासून आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील इवल्या कवचधारी प्राण्याचे अंड्यातून नुकतेच निघालेले डिंभ देतात. पिलू पारदर्शक असल्याने कोणी खाल्ले, कोणी नाही, हे काचेच्या चंचुपात्रात धरून पाहता येते : आर्टेमिया खाल्लेल्या पिलाचे पोट नारिंगी दिसते.

या वयात पिलाला जठर नसते. अन्ननलिका म्हणजे जवळजवळ सरळ नळी असते. प्रथिनांचे पचन स्वादुपिंडातून येणाऱ्या ट्रिप्सिन या पाचक एंझाइमावर (विकरावर) चालते आणि न तुटलेले काही मोठे रेणू आतड्याच्या मागील भागातील पेशी तसेच आत ओढून घेतात. जिवंत भक्ष्यावर वाढणारी पिले कोरड्या खाद्यावर का मरतात, हा यातून निघालेला जुना वाद आहे. भक्ष्याच्या शरीरातील एंझाइमेच पिलाची पचनाची उणीव भरून काढतात, असे मत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून बराच काळ प्रचलित होते. पुढे इतर सागरी जातींवर झालेल्या मोजमापांत भक्ष्याच्या एंझाइमांचा वाटा फारच अल्प आढळला. शिवाय तोंड उघडते तेव्हाच पिलाची स्वतःची एंझाइमे कार्यरत असतात, हेही दिसले. त्यामुळे भक्ष्याची हालचाल, मऊपणा, पाण्याचे प्रमाण व सहज शोषली जाणारी ॲमिनो अम्ले ही कारणे अधिक पटणारी आहेत. जठरग्रंथी व पेप्सीन हे जठरातील प्रथिनपाचक एंझाइम दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसू लागतात. नेमका दिवस तापमानावर अवलंबून असल्याने निरीक्षणांत एकवाक्यता नाही. कृत्रिम खाद्याची सवय या सुमारास लावावी. घाई केल्यास होणारी मर पुढे भरून निघत नाही.

बहुतेक सागरी माशांप्रमाणे जिताड्यालाही डीएचए, ईपीए ही लांब साखळीची मेदाम्ले आवश्यक तेवढी स्वतः बनवता येत नाहीत, आणि आर्टेमियात डीएचए जवळजवळ नसतेच. म्हणून पिलांना देण्यापूर्वी आर्टेमियाला काही तास माशाच्या तेलाच्या पायसात (पाण्यात बारीक थेंबांत मिसळलेल्या तेलात) ठेवतात. ही मेदाम्ले कमी पडल्यास पिले जाळीत धरताच मूर्च्छित होतात.

पिलू मांसाहारी असून ऊर्जेसाठी प्रथिनेही जाळते. पिष्ट त्याला फारसे मानवत नाही. म्हणून खाद्यात प्रथिने ४५-५० टक्के ठेवतात. प्रथिनांतील नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून बाहेर पडतो. खाल्ल्यानंतर काही तास ऑक्सिजनचा वापरही चढतो, त्यामुळे भरपेट खाऊ घालून टाकीत हवा सोडणे बंद पडू देणे धोक्याचे. वजन दहापट झाले तरी ऑक्सिजन साधारण सहा-सात पटच लागतो, हा माशांचा सर्वसाधारण नियम आहे. डिंभावस्थेत मात्र गरज जवळजवळ वजनाच्याच प्रमाणात वाढते, असे काही निरीक्षणे सुचवतात.

स्वजातिभक्षण (आपल्याच जातीची पिले खाणे) ही या जातीची मोठी अडचण. पिलू स्वतःच्या लांबीच्या सुमारे ६०-६७ टक्के लांबीचे भावंड गिळू शकते. पिले आकारानुसार निवडताना घमेल्यात डोक्यावर पांढरा पट्टा असलेले एखादे काळपट पिलू दिसते आणि त्याच्या तोंडातून दुसऱ्याची शेपटी हलत असते. गिळता आले नाही तर दोघेही गुदमरून मरतात. म्हणून दर काही दिवसांनी आकारानुसार वेगळे करणे आणि दिवसातून अनेकदा खाद्य देणे आवश्यक ठरते. उपाशी ठेवणे म्हणजे भक्षणाला आमंत्रणच.

रायगडातील अलिबाग-पेण खारेपाटातील (खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातील) तळ्यांत खाडीतून आलेले किंवा पकडून सोडलेले बीज वाढवण्याची परंपरा आहे. तेथे हे पिलू तळ्यातील लहान मासे व कोळंबीवर पोसते.