उपकरण-उड्डाण : नियोजन व सराव (गोवा)

जमीन वा क्षितिज दिसत नसताना केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालवणे म्हणजे उपकरण-उड्डाण. गोव्यात दाबोळी (मुरगाव तालुका) व मोपा (पेडणे तालुका) या दोन्ही विमानतळांवर जून ते सप्टेंबर या काळात त्याची खरी कसोटी लागते.

उगम : आरंभाचे श्रेय सामान्यतः अमेरिकी वैमानिक जेम्स डूलिटल यांना देतात. 24 सप्टेंबर 1929 रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर त्यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून विमान उडवले व उतरवले. मात्र सोबत सुरक्षेसाठी दुसरे वैमानिक बेंजामिन केल्सी होते. म्हणून काही अभ्यासक आल्बर्ट हेगेनबर्गर यांच्या मे 1932 मधील एकट्याने केलेल्या उड्डाणाला पहिला मान देतात. अमेरिकी वैमानिक विल्यम ऑकर यांचे काम या दोहोंच्या आधीचे, साधारण 1926 पासूनचे. फिरत्या खुर्चीवरील वैद्यकीय चाचणीत त्यांना आपण कुठल्या दिशेने फिरतो हे ओळखता आले नाही. टर्न इंडिकेटर (वळण दाखवणारे उपकरण) बसवलेल्या बंद पेटीत डोके घालून तीच चाचणी दिली, तेव्हा उत्तरे बरोबर आली. प्रशिक्षणाचा पाया इथे घातला गेला. विक्रमांपेक्षा या प्रयोगाला अग्रक्रम देणे अधिक युक्त वाटते.

नियोजन : दाबोळी विमानतळ पोर्तुगीजांनी बहुधा 1955 च्या सुमारास उभारला. 1961 नंतर तो नौदलाकडे आला व आज आयएनएस हंसा या तळाचा भाग आहे. त्यामुळे लष्करी सरावाच्या वेळा नोटाममध्ये (वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचनांमध्ये) पाहिल्याशिवाय आराखडा पुरा होत नाही. मोपा जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला. दोहोंमधले हवाई अंतर सुमारे 40 किमी. म्हणून कागदावर हे दोन्ही एकमेकांचे सर्वांत सोयीचे पर्यायी विमानतळ (ठरल्या जागी उतरता न आल्यास जिथे जायचे तो). पण मोसमी ढगांचा एकच पट्टा दोन्ही धावपट्ट्या झाकू शकतो. तेव्हा सह्याद्रीपलीकडचा, बेंगळुरूसारखा पर्याय धरूनच इंधन भरावे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पर्यायी विमानतळापर्यंतच्या इंधनाखेरीज जेट विमानात 30 मिनिटे घिरट्या घालण्याइतका अंतिम साठा लागतो. पूर्वेकडून येताना सह्याद्रीची 1,000 मीटरांहून उंच शिखरे लक्षात घेऊन किमान सुरक्षित उंची पाळणे अटळ आहे.

सराव : उपकरण-उड्डाणाच्या मानांकनासाठी (परवान्यावरील अधिकृत मान्यतेसाठी) आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान 40 तास उपकरण-अनुभव लागतो; त्यातले काही सिम्युलेटरवर चालतात. विमानात शिकाऊ वैमानिकाला बाहेरचे दिसू नये म्हणून हूड घालतात. कृत्रिम क्षितिजावरून (विमानाचा कल दाखवणाऱ्या उपकरणावरून) नजर उंचीमापकाकडे, वेगमापकाकडे आणि पुन्हा क्षितिजाकडे, अशी सतत फिरती ठेवायची. सेकंदाला 3 अंश या प्रमाणित गतीने पूर्ण वळणाला 2 मिनिटे लागतात. आयएलएसच्या (रेडिओ-संकेतांनी धावपट्टीकडे नेणाऱ्या यंत्रणेच्या) पहिल्या श्रेणीत निर्णय-उंची 200 फुटांहून कमी नसते. तिथे धावपट्टी वा तिचे दिवे दिसले नाहीत तर विमान लगेच वर घ्यायचे. दाबोळीच्या 26 क्रमांकाच्या धावपट्टीवरून असे वर जाताना पुढे लगेच समुद्र लागतो. रात्री तिथे क्षितिज नसते आणि वेग वाढताच विमानाचे नाक फार वर गेल्याचा भास होतो. त्या क्षणी नाक खाली दाबण्याचा मोह जीवघेणा ठरू शकतो, म्हणून हा सराव पुन्हा पुन्हा, शक्यतो सिम्युलेटरवर रात्रीचा देखावा लावून करावा.