रस्त्यावरील मुलांमधील व्हाइटनरचे व्यसन

घर सुटलेली मुले व्हाइटनर, थिनर किंवा पंक्चरचे सोल्यूशन हुंगून जी नशा करतात, ती. मुंबईतील मोठ्या रेल्वे स्थानकांवर आणि उड्डाणपुलांखाली ती वर्षानुवर्षे आढळते. चिंधीवर थोडे द्रावण ओतायचे, चिंधी मुठीत दाबायची आणि मूठ नाकातोंडाशी धरून श्वास ओढायचा. लांबून पाहणाऱ्याला मूल सर्दी पुसत आहे असे वाटते. ओठांभोवतीचे पुरळ आणि कपड्यांना येणारा रंगाच्या दुकानासारखा वास ही जवळून दिसणारी लक्षणे.

या पदार्थांतील टोल्युइनसारखी द्रावके मेदात सहज विरघळतात. त्यामुळे फुप्फुसातून मेंदूपर्यंत पोहोचायला त्यांना काही सेकंदच लागतात. नशा अल्पकाळ टिकते, म्हणून चिंधी दिवसभर हातातच राहते. दीर्घकाळ हुंगल्यास मेंदूतील श्वेतद्रव्य (मेंदूचे भाग एकमेकांना जोडणारे तंतू) झिजते, तोल जातो, मूत्रपिंडे बिघडतात. हृदयाची लय अचानक बिघडून मृत्यू येऊ शकतो, आणि तो पहिल्याच वेळीही येऊ शकतो.

एवढी घातक वस्तू मुले का धरून ठेवतात, याचे उत्तर फलाटावरच्या दिनक्रमात आहे. हुंगल्याने भूक मरते, थंडी जाणवत नाही, मार लागलेले अंग दुखत नाही. शिवाय मोठ्या मुलांच्या टोळीत घुसायला तीच वर्गणी असते. या अर्थाने ही मौजेपेक्षा दुखण्यावरची गोळी अधिक.

दुखणे मात्र बहुतेकदा फलाटाच्या आधीचे असते. अमेरिकेत सॅन डिएगो येथे १९९५ ते १९९७ या काळात १७,००० हून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारण्यात आले: मारहाण, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारहाण, घरातला दारुडा, तुरुंगात गेलेले माणूस. व्हिन्सेंट फेलिट्टी, रॉबर्ट अँडा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष मांडले. असे चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव असलेल्यांत दारूचे व्यसन, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असा एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत, ४ ते १२ पट आढळला. हे लोक आरोग्यविमा असलेले, बरेचसे मध्यमवर्गीय होते. तेव्हा सगळे खापर गरिबीवर फोडता येत नाही. ती प्रश्नावली मुख्यतः घराच्या उंबरठ्याआतलेच विचारत होती. रस्त्यावरची दांडगाई, पोलिसाची काठी तिच्यात नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे केलेल्या प्रश्नावलीत समवयस्कांची आणि घराबाहेरची हिंसा आली.

भारतात २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात (एम्स, दिल्ली) हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के निघाले. मुले मोठ्यांच्या पुढे असलेली ही एकच नशा.

कायद्याची पकड सैल आहे. ही द्रावके अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत नाहीत. केंद्र सरकारने २०१२ मध्ये बाटलीतल्या व्हाइटनरच्या किरकोळ विक्रीला बंदी घातली, पेनाच्या रूपातला चालू ठेवला. पण पंक्चरवाल्याच्या टपरीवरचे सोल्यूशन कोण बंद करणार? बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

द्रावकांच्या नशेवर उतारा देणारे औषध नाही. जेवण, झोपायला निर्धोक जागा आणि रोज भेटणारे एकच माणूस, हाच उपचाराचा मोठा भाग. मुंबईत १९९६ मध्ये सुरू झालेल्या १०९८ या हेल्पलाइनवरून किंवा रेल्वे पोलिसांमार्फत सापडलेले मूल बाल कल्याण समितीपुढे येते. समिती गृहचौकशी मागवते. घर कुठे आहे, हे त्या अहवालात येतेच. मूल तिथून का निघाले, हे मूल बोलेपर्यंत कळत नाही. तोवर वाट न पाहता परत पोहोचवलेली मुले पुन्हा गाडीत बसतात.