‘कानाचं लग्न’ आणि व्हेनिसच्या भिंतीवरचा प्रोजेक्टर: मागची गोष्ट

२००९ च्या बिएनालेत (व्हेनिसचं दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन) व्हेनिसच्या सान जोर्जो माज्जोरे बेटावरच्या मठाच्या जेवणघरात अंधार करून सोळाव्या शतकातला चित्रकार वेरोनेझे याच्या ‘कानाचं लग्न’वर (काना गावच्या लग्नातल्या जेवणाचं, येशू पाहुणा असलेलं बायबलमधलं दृश्य) प्रोजेक्टर लावले, स्पीकरमधून पाहुण्यांच्या गप्पा आणि संगीत सुरू झालं, एका ब्रिटिश सिनेदिग्दर्शकाचं काम ते. कौतुक भरपूर झालं. पण ज्या कॅनव्हासवर हे सगळं चाललं होतं तो वेरोनेझेचा नव्हताच, मूळ चित्र पॅरिसला लूव्र म्युझियममध्ये आहे, आणि ते तिथे का आहे हे कळल्याशिवाय हा शो नीट कळत नाही.

सुरुवातीचं थोडक्यात. करार १५६२ चा, ३२४ डुकाट (तेव्हाची व्हेनिसची नाणी), वर जेवणखाण आणि वाइनचं एक पिंप, आणि वास्तुकार पल्लादिओने बांधलेल्या जेवणघराची शेवटची भिंत अख्खी भरायची. सव्वा वर्षात साधारण ७ बाय १० मीटरचं चित्र तयार, त्यात १३० च्या आसपास माणसं. गंमत अशी की बेनेडिक्टाइन मठात जेवताना बोलायचं नाही, एकजण मोठ्याने वाचणार आणि बाकीचे मुकाट जेवणार. आणि समोरच्या भिंतीवर हा गलका, मधोमध वाद्यं वाजवणारी मंडळी (त्यात स्वतः वेरोनेझे आणि व्हेनिसचाच चित्रकार तिशियन आहेत असं परंपरेने सांगतात). त्यामुळे २००९ मध्ये आवाज घातला तो उगाच चिकटवलेला वाटत नाही, मला तरी.

१७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने कॅनव्हास उतरवला, तुकडे केले, पॅरिसला नेऊन परत शिवला.

खरा वाद १८१५ चा. नेपोलियन पडला, लुटलेल्या कितीतरी गोष्टी इटलीत परत आल्या, सान मार्कोचे ब्रॉंझचे घोडेसुद्धा. हे चित्र मात्र आलं नाही. कारण काय दिलं, तर फार नाजूक आहे, प्रवास झेपणार नाही. बदल्यात ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराचं एक जेवणाचंच चित्र पाठवलं. तेव्हा व्हेनिस ऑस्ट्रियाच्या ताब्यात, म्हणजे सौदा करणारे व्हेनिसचे नव्हतेच, त्यांनी मान डोलावली आणि विषय संपला. आता बाजू घ्यायचीच तर घेता येते, एकदा कापून शिवलेला एवढा मोठा कॅनव्हास परत गुंडाळणं धोक्याचं होतंच. पण हाच नाजूक कॅनव्हास १८७० च्या युद्धात पेटीत घालून ब्रेस्टला गेला, दुसऱ्या महायुद्धात गुंडाळून फ्रान्सभर फिरला. तेव्हा झेपलं. आणि १९९२ मध्ये तर लूव्रच्या भिंतीवर चढवतानाच कोसळलं आणि फाटलं, कुठे न जाता.

ते कोसळलं १९८९ ला सुरू झालेल्या रिस्टोरेशनच्या शेवटी. त्यातही भांडण होतं, पुढे उभ्या असलेल्या एका मुख्य वाढप्याचा लाल कोट साफसफाईत हिरवा झाला. तज्ज्ञ म्हणाले लाल रंग नंतर कुणीतरी चढवलाय, विरोधक म्हणाले खुद्द वेरोनेझेनेच तो बदल केला असेल तर? शेवटी कोट हिरवाच राहिला.

मग २००६. सान जोर्जो बेटावरच्या सांस्कृतिक संस्थेने माद्रिदच्या एका वर्कशॉपला चित्राची हुबेहूब कॉपी करायचं काम दिलं, लूव्रने परवानगी दिली, पण अट अशी की चित्राला काही लागता कामा नये. म्युझियम बंद झाल्यावर रात्री रात्री स्कॅनिंग, मग तुकड्यातुकड्यांत प्रिंट, जोडणी, वर हाताने रंगकाम. ११ सप्टेंबर २००७ ला, म्हणजे चित्र नेलं त्याला बरोबर २१० वर्षं झाल्यावर, कॉपी त्याच भिंतीवर दिसली. खिडक्यांचा उजेड पुन्हा चित्रातल्या उजेडाला येऊन मिळाला, हे पॅरिसला होत नाही, तिथे ते २००५ पासून मोनालिसाच्या समोर टांगलंय आणि बहुतेक लोकांची त्याच्याकडे पाठच असते.

आणि कॉपी होती म्हणूनच प्रोजेक्टर मनसोक्त लावता आले. त्याच दिग्दर्शकाला आदल्या वर्षी मिलानमध्ये लिओनार्दोच्या मूळ ‘लास्ट सपर’वर तेच करायचं होतं, तर उजेडाने आणि गर्दीने भिंतीचं काय होईल यावरून बराच वाद झाला, मूळ चित्रावर अगदी मोजकं काही करता आलं आणि बाकीचा शो दुसरीकडे कॉपीवर हलवावा लागला. व्हेनिसमध्ये तो प्रश्नच नव्हता. माझ्या मते याची दुसरी बाजू कुणी फारशी बोलत नाही, कॉपी इतकी छान जमली की मूळ चित्र परत मागायचा जोरच ओसरतो. शिवाय स्कॅन २००६ चा, त्यामुळे कोट हिरवा की लाल याचा पॅरिसमध्ये लागलेला निकाल व्हेनिसच्या भिंतीवरही आपोआप येऊन बसला.