वाळवीचे औषध गेले आणि विमा आला: ऑस्ट्रेलियातील घर-तपासनिसांची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियात घर खरेदीआधी ते तपासून अहवाल देणाऱ्या घर-तपासनिसांचा धंदा विम्याशी इतका घट्ट का बांधला गेला, याचे मूळ बहुतेक जण २००१ च्या विमा-संकटात शोधतात. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे ३० जून १९९५ या तारखेत आहे. त्या दिवसापासून नॉर्दर्न टेरिटरी सोडून देशभर वाळवीसाठी क्लोरडेन, हेप्टाक्लोर या जातीची औषधे वापरणे बंद झाले. स्लॅब ओतण्याआधी मातीत एकदा फवारणी केली की वर्षानुवर्षे बघायला नको, ही सोय त्या औषधांची होती. आणि ती इतकी टिकत होती, हाच त्यांच्यावरचा आक्षेप होता.

त्यांच्या जागी कमी टिकणारी औषधे, स्टीलची बारीक जाळी, ठरावीक आकाराची ग्रॅनाइटची खडी अशा गोष्टी आल्या. जाळी आणि खडी वाळवी मारत नाहीत. त्या तिला लपून आत शिरू देत नाहीत. वाळवीला वळसा घालून उघड्यावरून, मातीची नळी बांधत यावे लागते आणि ती नळी दिसते. पण दिसते म्हणजे कुणीतरी पाहायला हवी. म्हणूनच वाळवी-व्यवस्थापनाच्या मानकात किमान बारा महिन्यांतून एकदा तपासणी करण्याची शिफारस आहे. जे काम औषधावर सोडून दिले होते, ते माणसाच्या डोळ्यांवर आले. डोळे चुकले तर भरपाई कोण देणार, हा प्रश्न तिथून सुरू झाला.

मानके याच सुमारास आली. खरेदीपूर्व इमारत तपासणीचे ए.एस. (ऑस्ट्रेलियन स्टँडर्ड) ४३४९.१ हे १९९५ चे, लाकडाच्या किडीचे ४३४९.३ हे १९९८ चे. आज चलनात असलेल्या आवृत्त्या अनुक्रमे २००७ आणि २०१० च्या. दोन वेगळी मानके असल्यामुळे दोन वेगळे अहवाल. लोक मात्र एका दमात ‘बिल्डिंग अँड पेस्ट’ म्हणतात. मेलबर्न-सिडनीत घर घेणाऱ्या मराठी घरांतही हाच शब्द ऐकू येतो, आणि दोन्ही अहवाल एकाच माणसाने दिले की ते एकच आहेत असा समज होतो. ‘पेस्ट’ म्हणजे झुरळ-उंदीर नव्हेत. वाळवी, वाळलेल्या लाकडातले भुंगेरे आणि लाकूड कुजवणारी बुरशी, एवढेच. त्यातही कोरड्या लाकडात राहणारी वाळवी अहवालात बहुधा स्पष्टपणे वगळलेली असते.

या सगळ्यात जास्तीत जास्त भांडणे ज्या शब्दावरून होतात तो म्हणजे ‘रीझनेबल अॅक्सेस’. तपासणी डोळ्यांनी करायची, काही फोडायचे-उचकटायचे नाही आणि जिथे वाजवीपणे पोहोचता येते तिथेच करायची, असा नियम. वाजवी म्हणजे काय, ते मोजमापात दिले आहे. छतावर जायचे तर जमिनीवर टेकवलेल्या ३.६ मीटरच्या शिडीवरून पोहोचता आले पाहिजे. माळ्याचे तोंड ४०० बाय ५०० मिलिमीटर, आत सरपटायला ६०० बाय ६०० ची जागा. म्हणजे शिडीच्या आणि अंगाच्या मापाने ठरवलेली जबाबदारी.

तपासनिसाच्या बाजूने पाहिले तर हे न्याय्य वाटते. फरशीखालच्या बिळात अंग शिरत नसेल तर तो तरी काय करणार? पण मोजमापात एक फट आहे. विकणाऱ्याने माळ्याच्या तोंडाखाली कपाट ठेवले, गालिचा अंथरला, भिंतीला खोकी लावून ठेवली, तर ती जागा वाजवी की अवाजवी? रूढ उत्तर असे की ते कपाट हलवणे तपासनिसाचे काम नाही. मात्र कुठली जागा पाहता आली नाही, का आली नाही, आणि तिथे धोका किती संभवतो, हे अहवालात लिहिणे त्याचे काम आहे. ‘न पाहिलेल्या जागांची यादी’ हा अहवालाचा भाग यातून आला. माझ्या मते हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा आहे. खरेदीदार ‘सक्रिय वाळवी आढळली नाही’ एवढे वाक्य पाहतो. त्याच्या आगेमागे ‘तपासणीच्या वेळी, पोहोचता आलेल्या भागांत’ असे असते, ते सुटते. आपल्याकडे वकिलाच्या सर्च रिपोर्टमध्ये ‘उपलब्ध नोंदींनुसार’ हे शब्द जे काम करतात, तेच हे.

वाद असा की ही यादी हळूहळू ढालीसारखी वापरली जाऊ लागली. अहवाल चाळीस पानांचा, त्यातली निम्मी पाने काय पाहिले नाही याची. ढाल मात्र पूर्ण झाकत नाही. १९७४ च्या व्यापार-व्यवहार कायद्यातली दिशाभूल करणाऱ्या वर्तनाची तरतूद आणि १ जानेवारी २०११ पासूनच्या ग्राहक कायद्यातली ‘योग्य काळजी आणि कौशल्य’ ही हमी छापील अटींनी धुऊन टाकता येत नाही.

मानके स्वतः कायदा नाहीत. त्यांना धार आली ती करारामुळे, आणि विम्यामुळे त्याहूनही जास्त. मार्च २००१ मध्ये देशातली दुसऱ्या क्रमांकाची सर्वसाधारण विमा कंपनी बुडाली. तोटा सुमारे ५.३ अब्ज डॉलरचा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कचे हल्ले झाले आणि पुनर्विम्याचा, म्हणजे विमा कंपन्या स्वतः घेतात त्या विम्याचा, बाजार आक्रसला. प्रोफेशनल इंडेम्निटी, म्हणजे व्यावसायिकाच्या चुकीची भरपाई देणारा विमा, तिथल्या बोलीत नुसता ‘पीआय’, महागला आणि बांधकामाशी संबंधित कामांसाठी मिळेनासा झाला. ज्या विमा कंपन्या उरल्या त्यांनी अटी घातल्या: अहवाल मानकानुसारच हवा, तपासणीआधी ग्राहकाशी लेखी करार हवा, कीड तपासणाऱ्याकडे ‘युनिट आठ’ आणि ‘युनिट दहा’ ही प्रशिक्षणे हवीत. वाळवी तपासणे हे आठ, तिचा बंदोबस्त करणे हे दहा. कायद्याने न विचारलेले प्रश्न विम्याच्या प्रस्ताव-अर्जाने विचारले.

त्यात ‘क्लेम्स मेड’ ही पद्धत. तपासणी कोणत्या वर्षी केली याला महत्त्व नाही, दावा ज्या वर्षी आला त्या वर्षी पॉलिसी चालू हवी. आज पाहिलेल्या घरात तीन वर्षांनी तुळई पोकळ निघाली तर तीन वर्षांनंतरचा विमा लागतो. बहुतेक राज्यांत दावा करण्याची मुदत सहा वर्षे आहे, म्हणून निवृत्त झालेला तपासनीसही ‘रन-ऑफ’ विम्याचा हप्ता भरत राहतो. इथे कळवण्याची दुसरी, कमी चर्चिली जाणारी जबाबदारी येते. ग्राहकाचा रागावलेला फोन आला की ते विमा कंपनीला लगेच कळवायचे. १९८४ च्या विमा करार कायद्याच्या कलम ४० (३) प्रमाणे, पॉलिसी संपण्याआधी अशी परिस्थिती लेखी कळवली असेल तर दावा नंतर आला म्हणून विमा कंपनीला हात झटकता येत नाहीत. ‘बघू, शांत होईल’ म्हणून गप्प बसलेला माणूस यातच अडकतो.

राज्ये मात्र एका दिशेला गेली नाहीत. क्वीन्सलँडमध्ये घर तपासायला परवाना लागतो आणि परवान्यासाठी पीआय. न्यू साउथ वेल्सने असा परवाना ठेवला होता आणि २००९ मध्ये काढून टाकला. तेव्हापासून विम्याचे प्रमाणपत्र मागून पाहणे ग्राहकाच्या शहाणपणावर आहे. हा निर्णय मला अजून पटलेला नाही. १५ ऑगस्ट २०१६ पासून तिथल्या एजंटांना आपल्याला माहीत असलेल्या तपासणी अहवालांची नोंद ठेवून ती इच्छुकांना द्यावी लागते, पण त्याने अहवाल लिहिणाऱ्याची पात्रता ठरत नाही.

कॅनबेराने १ जुलै २००४ पासून उलटीच वाट धरली. तिथे घर विकणाराच अहवाल करून घेतो, तो कराराला जोडतो आणि खर्च व्यवहार पूर्ण होताना घेणाऱ्याकडून वसूल होतो. एका घरासाठी पाच जणांनी पाच तपासण्या करण्याचा खर्च वाचतो, हे खरे. पण तपासनिसाला बोलावणारा एक आणि अहवालावर विसंबणारा दुसरा. इतरत्र ‘हा अहवाल फक्त आमच्या ग्राहकासाठी’ ही ओळ जे काम करते, ते इथे चालत नाही. त्या ओळीबाहेरच्या माणसासाठीच तर अहवाल लिहिलेला असतो.

गेल्या काही वर्षांत विम्याने पुन्हा अंग आखडले आहे. मेलबर्नमधल्या एका उंच इमारतीला २०१४ मध्ये आणि लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ मध्ये आग लागली, तेव्हापासून ज्वालाग्राही क्लॅडिंग (भिंतींवरचे बाहेरचे आवरण) पॉलिसीतून वगळले जाऊ लागले. अॅस्बेस्टॉस तर आधीपासूनच बाहेर होते. क्वीन्सलँडमध्ये १ ऑगस्ट २०२५ पासून विकणाऱ्याने सही करण्यापूर्वी घेणाऱ्याला माहितीपत्रक देणे सक्तीचे झाले आहे. इमारतीची मजबुती आणि वाळवी त्या माहितीपत्रकात नाहीत.