क्वाइक

पश्चिम नॉर्वेतील शेतकरी घरांनी स्वतःच्या बीअरसाठी पिढ्यान्‌पिढ्या राखलेले यीस्ट आणि त्यावर उभी असलेली उष्ण किण्वनाची (आंबवण्याची) घरगुती पद्धत. वॉस, हार्डांगर, सोग्न, नॉर्डफ्योर्ड आणि सुन्नमोर ही तिची प्रमुख क्षेत्रे. जीवशास्त्रीय वर्गीकरणात क्वाइक म्हणजे सॅकॅरोमायसीज सेरेव्हिसीच, म्हणजे पाव आणि बहुतेक एल बीअर (उबदार तापमानात आंबवलेली बीअर) यांच्या यीस्टची जाती. तरीही सु. ३० ते ४० अंश से. तापमानात दोन-तीन दिवसांत किण्वन उरकणे, वाळवून ठेवल्यास महिनोन्‌महिने जिवंत राहणे आणि एवढ्या उष्णतेतही बीअरला उग्र चव न येऊ देणे, हे तिन्ही गुण एकत्र असल्यामुळे ते इतर बीअर-यीस्टपेक्षा निराळे ठरते. या प्रदेशाबाहेर त्याची माहिती पोचली ती मुख्यतः २०१० नंतरच्या दशकात, नॉर्वेजियन संशोधक लार्स मारिउस गार्शोल यांच्या लेखनामुळे. त्याआधीचे महत्त्वाचे संकलन म्हणजे लोकसंस्कृतीचे अभ्यासक ऊद नूरलान यांचा १९६९ मधील ग्रंथ. विसाव्या शतकाच्या मध्यास खेडोपाडी पाठवलेल्या प्रश्नावल्यांना आलेली उत्तरे हा त्याचा मोठा आधार होता.

उगम : क्वाइकला ‘व्हायकिंगांचे यीस्ट’ म्हणण्याची प्रथा विक्रीच्या मजकुरात रूढ झाली आहे, तिला पुरावा नाही. पश्चिम नॉर्वेत बीअर बनवण्याची परंपरा मात्र निःसंशय जुनी आहे. तेराव्या शतकातील हस्तलिखितातून हाती आलेल्या गुलाटिंग कायद्यात सणाची बीअर बनवणे हे कुटुंबांचे कर्तव्य मानले असून ते टाळणाऱ्यास दंड सांगितला आहे. सतत टाळणाऱ्यावर मालमत्ता गमावण्याचीही पाळी येई. परंतु हा पुरावा बीअरचा आहे, विशिष्ट यीस्टचा नाही. मधल्या शतकांत तेच यीस्ट चालत आले असे त्यावरून सिद्ध होत नाही.

आनुवंशिक अभ्यासाने प्रश्नाला वेगळे वळण दिले. बेल्जियममधील संशोधकांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात औद्योगिक यीस्टचे गट पाडण्यात आले. त्यांतील ‘बीअर १’ या मुख्य गटात बेल्जियम, जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका येथील बहुतेक एल-यीस्ट मोडतात. पुढे २०१८ मध्ये कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठातील रिचर्ड प्रीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी, गार्शोल यांच्यासह, नॉर्वेतील नमुने तपासले. क्वाइक आपसांत जवळचे असून त्यांचा स्वतंत्र गट पडतो, आणि त्यांच्या जनुकसंचाचा एक भाग ‘बीअर १’ शी जुळणारा, तर दुसरा तोवर अज्ञात असलेल्या पूर्वजाकडून आलेला दिसतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे क्वाइक हे स्थानिक रानटी यीस्ट माणसाळवून झालेले नाही, तर आधीच माणसाळलेल्या बीअर-यीस्टचा दुसऱ्या कुळाशी संकर होऊन निपजले असावे. २०२४ मध्ये याच संशोधकांच्या वर्तुळातून आलेल्या अभ्यासाने उत्तर व पूर्व युरोपातील इतर शेतघरांच्या यीस्टनाही क्वाइकबरोबर एका व्यापक गटात बसवले.

संकर केव्हा झाला, याबद्दल मात्र मतैक्य नाही. २०१६ च्या अभ्यासात ‘बीअर १’ गटाचा समान पूर्वज सु. १५७३ ते १६०४ या काळात असावा, असा अंदाज मांडला होता. तो धरला तर क्वाइकचा संकर सोळाव्या शतकाच्या फार आधीचा मानता येत नाही. पण या गणिताचा पाया म्हणजे यीस्टच्या वर्षाला सु. १५० पिढ्या होतात हे गृहीतक. ते बारमाही चालणाऱ्या दारूभट्टीला लागू पडते. नाताळ, गवतकापणी, लग्न किंवा प्रेतभोजन अशा मोजक्याच प्रसंगी जागे होणारे आणि उरलेले वर्ष वाळून पडलेले यीस्ट त्या गतीने पिढ्या ओलांडत नाही. त्यामुळे शहरी भट्ट्यांचे घड्याळ शेतघराला लावून काढलेली तारीख क्वाइकबाबत काळजीपूर्वकच घ्यावी लागते. उपलब्ध पुराव्यावरून, संकर मध्ययुगाच्या अखेरीपासून अर्वाचीन काळाच्या आरंभापर्यंत केव्हातरी झाला असावा, एवढेच म्हणणे सध्या सुरक्षित वाटते.

कौटुंबिक परंपरेचा दावाही जपूनच घ्यावा. ‘हे आमच्या पणजोबांपासून आहे’ असे प्रत्येक शेतघर सांगते आणि ते खोटे असतेच असे नाही. पण प्रश्नावल्यांची उत्तरे पाहिली, तर यीस्ट बिघडले की शेजाऱ्याकडून आणायचे हा सर्वत्र चालणारा रिवाज होता. विरजण नासल्यावर वाटी घेऊन शेजारी जावे तसा. एका शेतघराचे यीस्ट म्हणून आज नाव लागलेला नमुना वस्तुतः त्या खोऱ्याचा सामाईक ठेवा असतो. सातत्य शोधायचेच, तर ते घराण्यात न शोधता परगण्यात शोधणे अधिक योग्य. जनुकीय जवळीक पाहता संशोधकांचा कलही तिकडेच दिसतो.

याला अपवादही आहेत. मुरी नावाने ओळखल्या जाणाऱ्या नमुन्यातून वेगळे काढलेले यीस्ट हे सॅकॅरोमायसीज सेरेव्हिसी व सॅकॅरोमायसीज युव्हॅरम या दोन जातींचा संकर असल्याचे २०१८ मध्येच दाखवण्यात आले. आनुवंशिक अर्थाने त्याला क्वाइक म्हणता येत नाही, जरी ते त्याच संस्कृतीतून आले असले तरी. लोकव्यवहारातला ‘क्वाइक’ आणि प्रयोगशाळेतला ‘क्वाइक’ असे दोन अर्थ तेव्हापासून शेजारी-शेजारी नांदत आहेत.

उष्णता का सोसते : नेहमीचे एल-यीस्ट १८ ते २२ अंशांत आणि लागर-यीस्ट सु. ८ ते १३ अंशांत चालवतात. एल-यीस्टला ३५ अंशांवर सोडले, तर जड अल्कोहॉले वाढून बीअर घशाला झोंबते. क्वाइकमध्ये हे प्रमाण आटोक्यात राहते आणि त्याऐवजी एस्टरे (फळासारखा गंध देणारी संयुगे) तयार होतात. एथिल कॅप्रोएट, एथिल कॅप्रिलेट आणि फिनेथिल ॲसिटेट ही त्यांतील ठळक. वॉसच्या नमुन्यांना संत्र्याच्या सालीचा, हॉर्निंडालच्या नमुन्यांना अननसासारख्या पिकलेल्या फळाचा गंध येतो असे वर्णन करतात. लवंगेसारखा फिनॉली वास क्वाइक सहसा देत नाही, कारण तो निर्माण करणारी जनुके निकामी झालेली असतात. हीच खूण माणसाळलेल्या बीअर-यीस्टमध्ये वारंवार आढळते. लिथुएनियातील शेतघरांची कित्येक यीस्टे याच बाबतीत वेगळी पडतात; त्यांत तो वास टिकून आहे.

उष्णता सोसण्याच्या कारणाबद्दल दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार निवड थेट तापमानाची झाली. थंड करण्याची साधने नव्हती, काढा (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य पाण्यात भिजवून गाळलेला गोड द्रव; यालाच वर्ट म्हणतात) कोमट असतानाच यीस्ट घालत, आणि जे त्यात झपाट्याने वाढले तेच पुढच्या खेपेला उरले. वेगामुळे इतर जंतूंना संधीही मिळत नसे. दुसरे मत साठवणीवर भर देते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्वाइक-पेशी ट्रेहॅलोज ही शर्करा इतर यीस्टपेक्षा जास्त साठवतात असे आढळले. ट्रेहॅलोज पेशीपटलाला व प्रथिनांना सुकण्यापासून वाचवते आणि उष्णतेपासूनही. वर्षातून काही वेळाच लागणारे यीस्ट वाळवूनच टिकवावे लागे; जे वाळण्यातून वाचले त्याला उष्णता सोसण्याची ताकद आपोआप मिळाली, असे हे मत. दोन्ही एकमेकांना छेदत नाहीत, पण पहिल्या मताने न उलगडणारी एक गोष्ट दुसऱ्याने उलगडते. याच अभ्यासात क्वाइक सु. १२ अंशांपासून ४२ अंशांपर्यंत कामचलाऊ किण्वन करू शकते असे दिसले. केवळ उष्ण काढ्याने घडवलेले यीस्ट थंडीतही तग धरेल अशी अपेक्षा करण्याचे कारण नव्हते. प्रस्तुत नोंदीत साठवणीचे मत अधिक ग्राह्य धरले आहे.

अल्कोहॉल सोसण्याची ताकदही मोठी आहे. बहुतेक नमुने १३ ते १६ टक्क्यांपर्यंत तग धरतात. पेशी पुंजके करून लवकर तळाशी बसत असल्याने बीअर स्वच्छ होते.

पारंपरिक कृती : परगण्यागणिक ती इतकी बदलते की एकच कृती देणे दिशाभूल करणारे ठरेल. वॉसमध्ये ज्युनिपर या सुगंधी सदाहरित झुडपाच्या फांद्या पाण्यात उकळून त्या पाण्याने माल्ट भिजवतात, गाळलेला वर्ट तीन-चार तास उकळतात व त्यामुळे तो तांबूस-तपकिरी होतो. हॉप (बीअरला कडवटपणा देणारी फुले) थोडेच. साधारण ३९-४० अंशांवर यीस्ट घालतात आणि तळाशी बसलेला गाळ पुढच्या वेळेसाठी राखतात. हॉर्निंडाल आणि सुन्नमोर भागांत वर्ट मुळीच न उकळण्याची चाल आहे. प्रथिने न गळल्याने ही कच्ची बीअर गढूळ, धान्याच्या चवीची आणि अल्पायुषी असते. यीस्ट तेथे वरच्या फेसातून खरवडून घेतात. ज्युनिपरच्या फांद्या गाळणीच्या पिंपात तळाशी अंथरतात, त्या चाळणीचे काम करतात. त्यांच्या जंतुनाशक गुणाबद्दल बरेच लिहिले गेले असले तरी चाळण हेच त्यांचे उघड काम आहे.

तापमापक नसताना योग्य उष्णता बोटाने ओळखत. नुकत्याच काढलेल्या दुधाइतके कोमट, अशी वर्णने प्रश्नावल्यांत पुन्हापुन्हा येतात. यीस्ट घालताना मोठ्याने आरोळी ठोकण्याचा रिवाज अनेक गावांत होता. आरोळी जितकी जोमदार तितकी बीअर जोमदार, असा समज. किण्वन पुरे होऊन बीअर पिंपांत भरण्याच्या दिवशी शेजारी चव घ्यायला जमत. या छोट्या मेजवानीला ओपस्कोका म्हणतात. शेजाऱ्यांचा अभिप्राय लगेच मिळत असल्याने वाईट चव देणारे यीस्ट पुढच्या हंगामाला जाण्याची शक्यता कमी होई. निवडीचा हा सामाजिक मार्ग प्रयोगशाळेतील चर्चेत सहसा दुर्लक्षित राहतो.

वाळवण्यासाठी लाकडी कड्यांची गुंफलेली माळ, भोके पाडलेला ओंडका, पेंढ्याचे वेटोळे किंवा तागाचे कापड वापरत. अशा लाकडी माळा नॉर्वेतील संग्रहालयांत पाहावयास मिळतात. यीस्टच्या फेसात त्या बुडवून काढत, वाळवत आणि कोरड्या जागी टांगून ठेवत. काही घरी गाळ बाटलीत भरून थंड जागी ठेवण्याचीही पद्धत होती.

घरगुती बीअरकारांची आजची रीत : क्वाइकचे आकर्षण मुख्यतः सोयीचे आहे. शीतपेटी नसतानाही उष्ण ऋतूत किण्वन करता येते आणि आठवड्याच्या आत बीअर पिण्याजोगी होते. वर्ट ३५ ते ४० अंशांपर्यंतच थंड करून यीस्ट घालतात. पात्राला घोंगडी गुंडाळली तर आंबण्यातून निघणारी उष्णताच पुरते. छोट्या पात्राला मात्र उबेची पट्टी लागते, कारण त्याचे पृष्ठफळ घनफळाच्या मानाने मोठे असते. यीस्टचे प्रमाण परंपरेत फार कमी असते. २० लिटरला चहाचा चमचाभर दाट गाळ पुरे, असे सांगतात. कमी प्रमाणामुळे एस्टरांचा गंध वाढतो असा बीअरकारांचा अनुभव असला, तरी सर्व नमुन्यांना तो सारखा लागू होत नाही.

अडचण येते ती पोषणाची. इतक्या वेगाने वाढणाऱ्या पेशींना ॲमिनो नायट्रोजन भरपूर लागते. शेतघरातील दाट, माल्टप्रधान वर्टमध्ये ते मुबलक असते, १.०४० च्या आसपास घनता असलेल्या पातळ वर्टमध्ये किंवा साखर मिसळलेल्या वर्टमध्ये किण्वन रेंगाळते. तेथे यीस्टचे पोषक द्रव्य घालणे श्रेयस्कर. यीस्ट घातल्यावर पहिल्याच रात्री तापमान एकदम उतरल्यास ते सुस्तावते, ही दुसरी तक्रार. पेशी मेलेल्या नसतात. पात्र पुन्हा उबवल्यावर बहुधा काम सुरू होते. उरलेला गाळ कागदावर पातळ पसरून मंद उबेत वाळवतात व गोठणपेटीत ठेवतात.

बाजारातील व घरातील यीस्ट : शेतघरातील नमुना बहुधा अनेक वाणांचे मिश्रण असतो, काहींत लॅक्टिक आम्ल बनवणारे जीवाणूही सापडतात. व्यापारी प्रयोगशाळा त्यांतील एखादाच वाण वेगळा काढून विकतात. वॉसचा असा एकल वाण कोरड्या स्वरूपात २०२० च्या सुमारास बाजारात आला. एकल वाण खात्रीचा असतो. पण मिश्रणातील वाण खेपेगणिक कमी-जास्त होत असल्याने बीअरमध्ये जो फरक पडतो, तो त्यात येत नाही. गार्शोल यांनी मूळ नमुन्यांची क्रमांकित नोंदवही ठेवली असून काही नमुने इंग्लंडमधील नॉरिच येथील राष्ट्रीय यीस्ट-संग्रहातही गेले आहेत.

सीमा : नॉर्वेत सर्वत्र क्वाइक नाही. ट्रोनहाइमजवळच्या स्ट्योर्डालमध्ये आल्डर वृक्षाच्या लाकडाच्या धुरात माल्ट भाजून बीअर बनवण्याची परंपरा अजून जोमात आहे, पण तेथील जुने यीस्ट नाहीसे होऊन पावाचे यीस्ट रूढ झाले. फिनलंडच्या साहती बीअरबाबतही तेच घडले. स्वीडनमधील गॉटलंड बेटावरील घरगुती बीअरही बहुधा पावाच्या यीस्टवर तयार होते. हॉर्निंडालमध्ये २०१६ पासून उकळी न काढलेल्या बीअरचा उत्सव भरतो; आसपासच्या खोऱ्यांतील शेतघरांचे यीस्ट तेथे एकत्र चाखायला मिळते.